आईला स्मृतिभ्रंश होता, म्हणजे मलाही होणार?

२०२२ मध्ये अभिनेता ख्रिस हेम्सवर्थ याने एका माहितीपटासाठी स्वतःची जनुकीय चाचणी करून घेतली. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती त्याच्याकडे निघाल्या, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्याच्या आजोबांना हा आजार होता. त्याआधी पंधरा वर्षं, २००७ मध्ये, डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले जेम्स वॉटसन यांनी आपला संपूर्ण जनुकसंच वाचून घेतला आणि जगाला खुला केला. अट एकच घातली: हे एक जनुक मला दाखवू नका. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. (गंमत म्हणजे तेवढं एक जनुक झाकून भागत नाही, शेजारच्या डीएनएवरून त्याचा अंदाज बांधता येतो, हे नंतर इतर संशोधकांनी दाखवून दिलं. मग आजूबाजूचा भागही झाकावा लागला.)

घरातलं माणूस हळूहळू आपल्यालाच ओळखेनासं झालेलं ज्याने पाहिलंय, त्याला किल्ली कुठे ठेवली ते आठवलं नाही तरी पोटात गोळा येतो. अशा वेळी लाळेची नळी भरून पाठवली की उत्तर मिळेल, असं वाटतं. उत्तर मिळतं खरं. पण बहुतेक वेळा ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

स्मृतिभ्रंश म्हणजे ताप, अल्झायमर म्हणजे मलेरिया

ताप आलाय म्हटल्यावर तो कशाचा, हे पुढे विचारावंच लागतं. स्मृतिभ्रंशाचंही तसंच आहे. आठवण, भाषा, हिशेब, निर्णय यांपैकी काही इतकं ढासळलं की रोजचे व्यवहार जमेनात, तर त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. शंभरातल्या साठ-सत्तर जणांत त्यामागे अल्झायमर असतो. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार, भास आणि मंदावलेली हालचाल घेऊन येणारा लेवी बॉडीचा आजार, किंवा आठवण शाबूत असताना आधी स्वभाव नाहीतर बोलणंच बदलून टाकणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार असतो. उतारवयात अनेकांच्या मेंदूत यांतले दोन-तीन आजार एकत्रच नांदत असतात.

पूर्वी ‘म्हातारचळ लागला’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटायचा. त्यामुळे आजीला नेमकं काय होतं, हे बऱ्याच घरांत आज कुणालाच सांगता येत नाही. थायरॉइड मंदावणं, बी-१२ ची मोठी कमतरता, खोल नैराश्य, पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त, गुंगी आणणारी काही ॲलर्जीची औषधं यांनीही म्हातारं माणूस असंच भ्रमिष्ट दिसतं. आजीची गोष्ट यांतली निघाली, तर नातवाच्या जनुकांत शोधण्यासारखं काही उरतच नाही.

कडा आणि उतार

जनुक म्हणजे शरीरात एखादं प्रथिन कसं बनवायचं, याची डीएनएमध्ये लिहिलेली सूचना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, आईची एक आणि वडिलांची एक. अल्झायमरशी संबंधित जनुकं दोन जातीची आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

पहिली जात कड्यासारखी आहे. एपीपी, पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२ या तीन जनुकांपैकी एकात विशिष्ट बिघाड असेल, तर बहुतेक वेळा माणूस कड्यावरून खाली जातोच. पीएसईएन-२ मध्ये थोडी सूट दिसते, पीएसईएन-१ मध्ये जवळजवळ नाही. आजार बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो. पालकाकडे बिघाड असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक प्रत्येकासाठी नव्याने होते. दोन भावंडं सुटली म्हणून तिसऱ्याच्या वाट्याला तो येणारच, असं काही नसतं. मात्र अल्झायमरच्या सगळ्या रुग्णांत अशी घराणी एक टक्क्याहूनही कमी आहेत.

कड्यालाही कधीतरी अपवाद सापडतो. कोलंबियात पीएसईएन-१ चा एकच बिघाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मोठं कुळ आहे, तिथे चाळिशीतच आठवण ढासळू लागते. त्याच कुळातल्या एका स्त्रीची आठवण सत्तरीपर्यंत टिकून होती, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्याकडे दुसऱ्याच एका जनुकाचा, एपीओईचा, अतिशय दुर्मीळ प्रकार होता आणि तोही दोन प्रतींत.

हे एपीओई म्हणजेच दुसऱ्या जातीचं, उताराचं जनुक. हेम्सवर्थ आणि वॉटसन यांच्या गोष्टीतलं जनुक हेच. ते १९ व्या गुणसूत्रावर असतं आणि मेंदूत व रक्तात चरबीची वाहतूक करणारं प्रथिन बनवतं. त्याचे मुख्य प्रकार तीन: २, ३ आणि ४. या प्रथिनाच्या २९९ दुव्यांपैकी फक्त दोन दुव्यांवर ते एकमेकांपासून वेगळे पडतात. ३ हा सगळ्यांत जास्त आढळणारा, २ थोडं संरक्षण देणारा, आणि ४ पायाखालची वाट उतरती करणारा. अल्झायमरशी त्याचं नातं १९९३ मध्ये समोर आलं. अनेक लोकसमूहांत साधारण चारांतल्या एकाकडे ४ ची एक प्रत असते, शंभरांतल्या दोन-तीन जणांकडे दोन. उतारावर उभा असलेला प्रत्येक जण घसरत नाही, आणि सपाटीवरचेही अनेक जण पडतात.

‘तीनपट धोका’ म्हणजे नेमका किती?

४ ची एक प्रत असेल तर धोका दोन-तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सगळीकडे छापून येतात. ते खोटे नाहीत, पण कशाच्या पट हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत लक्षणं दिसण्याची शक्यता ३-३ (म्हणजे दोन्ही प्रती ३ च्या) असणाऱ्यांत शंभरात अंदाजे दहा-पंधरा, ३-४ असणाऱ्यांत वीस-पंचवीस, आणि ४-४ असणाऱ्यांत तीस ते पंचावन्न धरली जाते. म्हणजे एक प्रत असणाऱ्या शंभरांतले सुमारे पंचाहत्तर जण त्या वयापर्यंत सुटतात.

शेवटचा आकडा एवढा सैल आहे, कारण अभ्यास कुणावर झाला त्यावर तो हलतो. स्मृती-दवाखान्यात आलेली माणसं मोजली की वर जातो, घरोघरी जाऊन मोजला की खाली येतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४-४ असणाऱ्या जवळजवळ सगळ्यांत ६५ वर्षांपर्यंत अल्झायमरच्या जैविक खुणा दिसल्या, आणि याला आजाराचा वेगळा जनुकीय प्रकारच म्हणावं असं मत पुढे आलं. पण खुणा असणं आणि व्यवहार ढासळणं यांत दहा-वीस वर्षांचं अंतर असू शकतं, कधी तर आयुष्यच आधी संपतं. शिवाय हे बहुतेक आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ४ चा परिणाम कमी दिसतो, पूर्व आशियाई लोकांत जास्त. दुसऱ्या लोकसमूहाचे आकडे स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत.

आधी कागद, मग लाळ

चाचणीच्या आधी एक बिनखर्चाचं काम करा: तीन पिढ्यांचा तक्ता. आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगळी ठेवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. पहिलं लक्षण कितव्या वर्षी दिसलं (निदान कधी झालं ते नव्हे, घरच्यांना पहिल्यांदा खटकलं ते वय). सुरुवात कशाने झाली: आठवण, बोलणं, वागणं, भास की चाल. निदान कुणी, कशावरून केलं. आणि मृत्यू कितव्या वर्षी, कशाने. चाळिशी-पन्नाशीत अपघाताने किंवा हृदयविकाराने गेलेल्यांवर खूण करा, कारण ते जगले असते तर काय झालं असतं हे तक्ता सांगू शकत नाही.

आता तक्ता वाचा. एकाच बाजूला लागोपाठ दोन-तीन पिढ्यांत साठीच्या आत सुरुवात झालेली दिसली, तर कड्याची शंका घेण्याजोगी आहे. कुणाला स्वभावबदल आणि कुणाला स्नायू झिजवणारा एएलएस अशी जोडी दिसली, तर सी-नाइन-ऑर्फ-७२ नावाच्या वेगळ्याच जनुकाकडे बोट जातं. तरुण वयात मायग्रेन आणि पक्षाघाताचे झटके असतील, तर नॉच-३ या जनुकाकडे. पण एकटी आजी ८२ व्या वर्षी विसरायला लागली एवढंच असेल, तर तो उतारवयाचा नेहमीचा आजार आहे. पंचाऐंशीच्या पुढे तो इतका सर्रास आढळतो की चारही आजी-आजोबा दीर्घायुषी निघाले तर एकाला तरी होण्यात नवल नाही. आई किंवा वडिलांना उशिरा झालेला स्मृतिभ्रंश तुमचा धोका ढोबळमानाने दीड-दोन पट करतो, आणि त्या वाढीत एपीओईचाही वाटा असतो.

चाचणी आधी कुणाची करायची?

कड्याची शंका असेल, तर आजारी माणसाची. इथेच सर्वाधिक घोळ होतो, कारण घाबरलेला मुलगा आधी स्वतःचं रक्त देऊन येतो. त्याच्यात काही सापडलं नाही, तर त्याचे अर्थ दोन होतात: बिघाड त्याच्याकडे आला नाही, किंवा या घरातला बिघाड त्या चाचणीला दिसतच नाही. हरवलं काय हेच माहीत नसताना कपाटात ते सापडलं नाही म्हणून निष्कर्ष काढण्यासारखं ते आहे. आजारी पालकात नेमका बिघाड सापडला, की नातेवाइकांना फक्त तोच शोधायचा असतो आणि उत्तर स्वच्छ हो किंवा नाही येतं. पालक संमती देण्याच्या अवस्थेत असतानाच हे बोलून घ्यावं. लगेच चाचणी करायची नसेल तरी रक्ताचा नमुना घेऊन डीएनए साठवून ठेवता येतो.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. सी-नाइन-ऑर्फ-७२ मधला बिघाड अक्षर बदलण्याचा नसून तोच तुकडा शेकडो वेळा पुन्हा लिहिला जाण्याचा असतो. नेहमीच्या जनुकवाचनातून तो निसटतो, त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. तिसरी अडचण ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा. बदल सापडला, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये. एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारावं.

निरोगी माणसाची अशी चाचणी जनुकीय समुपदेशकाशिवाय करू नये. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी घालून दिलेली पद्धत इथेही वापरतात: आधी किमान एक सविस्तर बैठक, मध्ये विचाराला वेळ, निकाल समोरासमोर, सोबत विश्वासातलं माणूस, आणि नंतर पाठपुरावा. अठरा वर्षांखालच्यांची करत नाहीत. रक्त दिल्यानंतरही निकाल न घेता परत फिरण्याचा तुम्हाला हक्क असतो.

घरबसल्या मिळणारा लाळेचा संच कड्याच्या प्रश्नाला हातच घालत नाही. तो एपीओईची दोन अक्षरं वाचतो, बस. त्याची कच्ची माहिती उतरवून घेऊन इतर संकेतस्थळांवर टाकण्याची टूम आहे, ती टाळावी. २०१८ च्या एका अभ्यासात अशा कच्च्या माहितीतल्या तपासलेल्या बदलांपैकी ४० टक्के वैद्यकीय प्रयोगशाळेत चुकीचे ठरले होते.

“४ नाही निघाला, सुटलो!”

असं नाही. अल्झायमर झालेल्यांत साधारण ४० ते ६० टक्के लोकांकडेच ४ ची निदान एक प्रत असते. बाकीचे त्याच्याशिवाय आजारी पडलेले असतात. शिवाय रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या किंवा फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाबद्दल हा निकाल जवळपास काहीच सांगत नाही. ४ नसल्याच्या आनंदात रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्याने चाचणी करून स्वतःचं नुकसानच केलं.

“उपाय नाही, तर कळून करायचं काय?”

कळल्याने माणूस खचतो, ही भीती अभ्यासून पाहिली आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या सज्ञान मुलांना समुपदेशनासह एपीओईचा निकाल सांगून त्यांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत चिंता किंवा नैराश्यात टिकणारी वाढ दिसली नाही. पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २०१४ च्या एका अभ्यासात आपल्याकडे ४ आहे हे माहीत असलेल्या ज्येष्ठांनी, ४ असूनही ते माहीत नसलेल्यांपेक्षा स्मृतीच्या चाचणीत कमी गुण मिळवले. जनुक तेच, फरक फक्त माहितीचा. प्रत्येक विसरभोळेपणाला ‘सुरू झालं वाटतं’ म्हणण्याचा ज्यांचा पिंड आहे, त्यांनी याचा विचार करावा.

माहिती खरोखर उपयोगी पडते ती मोजक्या ठिकाणी. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात देतात ती लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं मेंदूतलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढून टाकतात, आणि त्यात मेंदूला सूज येण्याचा किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत अशी सूज ४ नसलेल्यांत सुमारे ५ टक्के, एक प्रत असणाऱ्यांत ११ टक्के आणि दोन प्रती असणाऱ्यांत जवळपास ३३ टक्के होती. म्हणून औषधाआधी एपीओई तपासतात, आणि युरोपात दोन प्रती असणाऱ्यांसाठी त्याला मान्यताच नाही. पण हा प्रश्न आजारी पडल्यावरचा. निरोगी माणसाला तो निकाल आज हातात असण्याची गरज नाही.

कड्याच्या घराण्यात चित्र वेगळं आहे. मूल होऊ द्यायचं का, गर्भधारणेआधी भ्रूण तपासायचा का, नोकरी आणि पैशाचं नियोजन कसं करायचं, औषधांच्या प्रयोगांत भाग घ्यायचा का, हे सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून असतं.

उतारावरचे ब्रेक

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये टाळता किंवा बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी जगातून नाहीशी झाली, तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब संपूर्ण लोकसंख्येचा आहे. सगळं केलं की माझा धोका ४५ टक्क्यांनी उतरला, असं त्यातून निघत नाही. लहानपणीचं शिक्षण आणि हवेचं प्रदूषण ही कारणं तर एकट्याच्या हातातही नाहीत.

हातात असलेल्यांत मी पहिला क्रमांक रक्तदाबाला देईन, कारण तो चाळिशीतच वाढतो आणि दुखत नाही. वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवायचा. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर आधाराने ठेवलेला, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिट सोडून दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की आकडा खोटाच वर जातो. नऊ हजारांवर लोकांच्या एका चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात, स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही.

दुसरा क्रमांक कानांचा. यादीत ऐकू न येणं आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल ही दोन कारणं सर्वांत जड आहेत, त्या ४५ टक्क्यांपैकी प्रत्येकी ७. अस्पष्ट शब्द ओळखण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, आणि वारंवार ‘काय?’ विचारायची लाज वाटून माणूस बोलणंच कमी करतो. २०२३ च्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. सगळे मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता त्या उपगटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. गडबड होते ती यंत्र घेतल्यावर. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, आणि यंत्र कपाटात जाऊन पडतं. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेणं आणि दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घेणं, हाही उपचाराचाच भाग आहे.

एलडीएल रक्तातून तपासा. ४ असणाऱ्यांत ते जास्त असण्याकडे कल असतो. चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मधुमेह आटोक्यात, धूम्रपान बंद, मद्य कमी, दुचाकीवर हेल्मेट, मोतीबिंदू वेळेत काढलेला. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी. एकटेपणाचा वाटा ५ टक्के आहे, त्यामुळे माणसांत मिसळणं ही चैन समजू नये.

“जनुकच वाईट असेल तर या धडपडीचा काय उपयोग?”

ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ९६ हजार लोकांच्या अभ्यासात (२०१९) जनुकीय धोका जास्त असणाऱ्यांपैकी ज्यांची राहणी चांगली होती, त्यांच्यात आठेक वर्षांत १.१३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झाला, वाईट राहणी असणाऱ्यांत १.७८ टक्के. चाणाक्ष वाचक इथे विचारेल, की आजार आतून सुरू झाल्यामुळेच ती माणसं सुस्त झाली नसतील कशावरून? शंका रास्त आहे. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून ती पुरती फिटत नाही. म्हणून फिनलंडमधली फिंगर चाचणी महत्त्वाची: ६० ते ७७ वयाचे १,२६० जण, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख. त्या गटाच्या बौद्धिक गुणांत २५ टक्के जास्त सुधारणा दिसली, आणि ४ असणाऱ्यांनाही लाभ झाला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अशाच चाचणीत आखीव कार्यक्रम आणि ‘तुमचं तुम्ही करा’ असे दोन्ही गट सुधारले. आखीव गट पुढे राहिला, पण थोड्याच फरकाने. स्मृतिभ्रंश टळतो का, हे दोन वर्षांच्या चाचणीत कळत नाही, हे खरंच. आणि कड्याच्या घराण्यात या ब्रेकांनी फार तर थोडा वेळ मिळेल.

गोळ्यांबद्दल थोडक्यात: गिंको बिलोबा तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर वर्षानुवर्षं तपासला, २००८ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. बी आणि ई जीवनसत्त्वं किंवा ओमेगा-३ च्या गोळ्या स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. बी-१२ खरोखर कमी असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा ते घ्यायलाच हवं.

नळी पाठवण्याआधी दोन गोष्टी

विमा आधी, चाचणी नंतर. अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई करतो, पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याच्या कक्षेबाहेर आहेत. देशोदेशी नियम वेगळे असतात, ते लेखी तपासा. आणि माहिती कुणाकडे राहणार तेही पाहा: लाळेचे संच विकणारी ट्‌वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लाखो लोकांचा डीएनए आता कुणाच्या ताब्यात जाणार हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला.

दुसरी गोष्ट घरातली. तुमचा निकाल ४-४ आला, तर तुमच्या आईकडे एक आणि वडिलांकडे एक ४ आहेच, आणि तुमच्या प्रत्येक मुलाकडेही एक जाणारच. त्यांच्यापैकी कुणी विचारलेलं नसतानाही हे ठरून जातं. कड्याच्या घराण्यात तर नातीत बिघाड सापडला की मधल्या आईचा निकालही न सांगता लागतो, तिने तो नाकारलेला असला तरी. म्हणून रक्त देण्याआधी भावंडांना एकेकटं गाठून विचारावं: मला कळलं तर तुला कळवू का? उत्तर ‘नको’ असेल, तर निकालाच्या दिवशी त्यांच्यासमोर चेहरा कसा ठेवायचा, हेही समुपदेशकाशी आधीच बोलून घ्यावं.